गायरान, गवत आणि गाजर गवत



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा धरून लोक येतात. तशा अपेक्षेने कोणी आले असतील तर त्यांची आम्ही आरंभीच क्षमा मागतो. आमचा आजचा विषय एक तण आहे. त्याला आपल्याकडे गाजर गवत म्हणतात, काँग्रेस गवत म्हणतात. कोणी पांढरी फुली म्हणतात, तर कोणी चटक चांदणी. पाने गाजराच्या पानांसारखी म्हणून ते गाजर. पण ते गवत मात्र नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातले झाड आहे, आणि खऱ्या गवताचे वैरी आहे. वैऱ्यालाच आपण गवत म्हणू लागलो, यातच आजच्या विषयाचे अर्धे मर्म आहे.

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की सोनगीर मागे पडते आणि मग नरडाणा लागते. सुरत-भुसावळ लोहमार्गही याच गावावरून जातो. म्हणजे रस्ता आणि रूळ या दोहोंच्या मेळावरचे हे गाव. श्रावण-भाद्रपदात या वाटेने जाऊन पाहा. रस्त्याच्या दोन्ही कडांना, रुळांच्या बाजूने, पडीत जागांवर कमरेइतके हिरवे रान दिसेल आणि त्यावर बारीक पांढऱ्या फुलांचा सडा दिसेल. परगावचा माणूस म्हणेल, काय हिरवळ आहे! पण त्या हिरवळीतून जाणारी गाय पाहा. ती नाक लावते, मान फिरवते आणि पुढे जाते. भर पावसाळ्यात, कमरेइतक्या हिरव्यात, गाय उपाशी! आमच्यापुढे प्रश्न आहे तो या गाईचा. तिच्या तोंडचे गवत कोणी नेले, केव्हा नेले, आणि ते परत आणता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथे आला तेव्हा लुटालुटीने आणि १८०३-०४ च्या दुष्काळाने हा मुलूख उजाड झालेला होता. गावे ओस, विहिरी बुजलेल्या, शेतांत रान माजलेले. माणसांची ती विपत्ती होती. गुरांना मात्र चरायला रान अमाप होते. पुढे वस्ती वाढली. सरकारने जमिनीची मोजणी आरंभली. १८५२ साली एरंडोल, सावदा, फैजपूर या भागांत त्या मोजणीविरुद्ध शेतकरी उठले, तो इतिहास आपणांस ठाऊकच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास आगगाडी आली. ज्या पडीत गुरे चरत होती त्यात नांगर शिरला. नांगर शिरला याची तक्रार नाही; माणसाने पिकवू नये काय? पण गुरांच्या वाट्याचे रान आक्रसत गेले, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

जे उरले त्याचे नाव गायरान. शहरातल्या श्रोत्यांसाठी थोडे स्पष्ट करतो. गायरान म्हणजे गावच्या गुरांना फुकट चरण्यासाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात अशी जमीन राखण्याची तरतूद होती, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही ती आहे. पाटलाच्या गुरांना बांधावरचा चारा असतो, कडब्याची गंजी असते. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याची एक गाय आणि दोन शेळ्या कशावर जगतात? या गायरानावर. भूमिहीनाचे शेत म्हणतात ते हेच. साक्री-शिंदखेड्याकडचे आमचे ठेलारी बांधव मेंढरे घेऊन फिरतात, त्यांचाही आधार हाच.

आता गायरानावर उगवते काय, तेही पाहू. चांगल्या कुरणात मारवेल, पवन्या, डोंगरी अशी गवते असतात. ही बहुवर्षायू गवते. वरून कापली तरी मूळ जिवंत राहते आणि पुढच्या पावसाला नवा फुटवा येतो. मात्र एक अट असते: पावसाळ्यात त्यांना वाढू द्यावे लागते, आणि दिवाळीच्या सुमारास बी पडू द्यावे लागते. गुरे जुलैपासूनच त्यावर सोडली, पाते वर आले की खुडले, तर मूळ आखूड होते, थोंब दुबळे होते आणि दोन-चार वर्षांत मरते. गुरे गोड गवत आधी खातात, हे त्यांच्या जिभेला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून मारवेल आधी जाते, मग पवन्या जाते, आणि कुसळी मागे राहते. ती पिकली की तिची कुसळे गुरांच्या तोंडात रुततात. तीही तुडवली गेली की उघडी माती उरते. श्रोतेहो, निसर्गात उघडी माती फार काळ उघडी राहत नाही. कोणीतरी येऊन तिचा ताबा घेतो. आणि अशा जागी ज्याला गुरे तोंड लावत नाहीत, तोच टिकतो. म्हणजे आपलीच गुरे आपल्या जिभेने तणाला निवडून देत असतात. आणि तो दोष गुरांचा नाही.

अशा उघड्या जागेवर ताबा घेणारा गाजर गवत हा काही पहिला परदेशी पाहुणा नव्हे. त्याच्या आधी फड्या निवडुंग येऊन गेला. तोही मूळचा अमेरिका खंडातला. त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. मेक्सिकोत निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या एका किड्यापासून किरमिजी रंग काढीत, आणि त्या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती. ती मोडावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने असे किडे मिळवण्याची खटपट केली. १७९५ साली कॅप्टन नीलसन नावाच्या माणसाने रिओ दि जानेरोहून काही किडे बंगालमध्ये आणले. ते खरे रंगाचे किडे नव्हतेच. जातीने हलके निघाले. कंपनीचा रंगाचा बेत फसला. पण त्या किड्यांनी निवडुंगाची एक जात खाऊन फस्त केली! पुढे १८३६ ते १८३८ च्या सुमारास ते मुद्दाम दक्षिणेत नेऊन सोडले, आणि तिथेही त्यांनी त्या जातीचा निकाल लावला. तणावर कीटक सोडून तण हटवल्याचे हे जगातले पहिले उदाहरण मानले जाते. पण निवडुंगाची दुसरी एक काटेरी जात त्या किड्याला रुचेना. तिच्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून त्याच घराण्यातला दुसरा किडा आणावा लागला, तेव्हा दक्षिण भारतातली मोठमोठी निवडुंगाची बने पाच-सहा वर्षांत बसली.

ऑस्ट्रेलियात तर निवडुंगाने कहर केला होता. १९२५ च्या सुमारास तिकडे सुमारे सहा कोटी एकर जमीन निवडुंगाने व्यापली होती. तिथल्या सरकारने १९१२ साली जगभर शोधपथक पाठवले. ते आपल्याकडेही येऊन गेले. अखेर अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी सात-आठ वर्षांत ते रान पोखरून आडवे केले. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा नावाच्या खेड्यात लोकांनी १९३६ साली त्या कीटकाच्या नावाने सभागृह बांधले आहे. माणसांचे पुतळे सगळीकडे असतात. किड्याचे स्मारक विरळाच! पण ही गोष्ट सांगताना लोक अर्धीच सांगतात. किड्याने जमीन मोकळी केली. मग त्या मोकळ्या जमिनीवर शेतकरी आणि पशुपालक पुन्हा वसले, त्यांनी ती लावली, राखली. निवडुंग परत आला नाही याचे श्रेय पतंगाला आहेच. पण ती जागा रिकामी सोडली नाही, त्या माणसांनाही आहे. हे सूत्र आपण मनात धरू, कारण पुढे ते लागणार आहे.

आता गाजर गवताकडे येऊ. त्याचे माहेर मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश. आपल्याकडे त्याची ठळक नोंद झाली ती पुण्यात. १९५५ साली ते तिथे आढळले, आणि १९५६ साली आर. एस. राव यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘भारतातील नवी नोंद’ म्हणून ते प्रसिद्ध केले.

ते आले कसे? आपल्याकडे कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळते: अमेरिकेच्या पी.एल. ४८० च्या गव्हाबरोबर. काँग्रेस सरकारच्या काळात तो गहू आला म्हणून ते काँग्रेस गवत. काहींच्या मते पांढऱ्या टोपीसारखी फुले म्हणून काँग्रेस. आम्हीही तरुणपणी सभांतून हे ठासून सांगत असू. पुढे तारखा ताडून पाहिल्या आणि थांबलो. अमेरिकेचा तो कायदा १९५४ चा. त्याखाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. तण तर पुण्यात १९५५ सालीच उभे होते! करारापूर्वी त्याचे बी कसे येईल? अमेरिकेचा गहू त्याआधीही, १९५१ च्या कर्जातून, आला होता हे खरे. त्यातून बी आले असणे शक्य आहे. पण विल्यम रॉक्सबर्ग याने कलकत्त्याच्या बागेतल्या वनस्पतींची जी यादी १८१४ साली छापली, तीत या झाडाचे नाव आहे. म्हणजे हे झाड सुमारे एकशे चाळीस वर्षे आधी या देशात येऊन गेले होते, आणि तेव्हा ते माजले नाही.

हा शोध लागला तेव्हा आम्हांस थोडे ओशाळल्यासारखे झाले. ज्या गव्हाने लोकांची पोटे भरली त्याला शिव्या देऊन आम्ही मोकळे झालो होतो. आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलोची भाकर आणि कामावरची सुकडी आठवत असेल. भुकेलेल्याने धान्यातले बी निवडून खावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. खरा प्रश्न ‘बी कोणी आणले’ हा नाहीच. बी रेल्वेने येते, मालमोटारीने येते, चाऱ्याच्या गंजीतून येते, वाळूतून येते, पुराच्या पाण्याने येते. नरडाण्यासारख्या मेळावरच्या गावी तर ते रोज येते. एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरतात. उगवल्यापासून महिन्याभरात ते फुलावर येऊ शकते. मातीत पुरलेले बी काही वर्षे जिवंत राहते. असे बी अडवणार कसे? खरा प्रश्न आहे तो हा, की ते पडले तेव्हा खाली जमीन उघडी का होती?

याची साक्ष पुन्हा ऑस्ट्रेलियाच देते. क्वीन्सलँडमध्ये क्लेरमाँट नावाचा गुरांचा मुलूख आहे. तिथे हेच तण १९६० साली आढळले. अमेरिकेतल्या टेक्सासहून आणलेल्या कुरणाच्या बियाण्यात त्याचे बी मिसळून आले होते. तिकडे पी.एल. ४८० नव्हते, काँग्रेस नव्हती. तरी ते माजले, आणि माजले ते अतिचराईने उघड्या पडलेल्या कुरणांत. तिथल्या पशुपालकांना त्यांचे शेतकी खाते पहिली गोष्ट सांगते ती औषधाची नव्हे. ती ही, की गुरे बेताची ठेवा, कुरणाला विसावा द्या, गवताचे आच्छादन मोडू देऊ नका.

या तणाने गुरांचे काय होते? सहसा गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. पण चाराटंचाईत, किंवा कापून आणलेल्या ओल्या चाऱ्यात मिसळून, ते पोटात जाते. बंगळूरच्या संशोधकांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या गाई-म्हशींच्या आहारात हे तण दहा ते पन्नास टक्के होते त्यांच्यात मोठी मरतूक झाली. थोडे खाल्ले तर दूध कडवट होते. आणि माणसांचे काय होते, ते सांगायला आम्हांस पुस्तक लागत नाही.

आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, आणि हे तण आमच्या वाचनात येण्याआधी ते आमच्या सभासदांच्या हातांवर आले. आमच्या भागातल्या एका आवारात पाहुणे यायचे होते, म्हणून भाद्रपदात वीस बायांना गवत उपटायला लावले. तण ऐन फुलावर होते. हात उघडे. तिसऱ्या दिवशी बायांच्या हातांवर, मानेवर, पापण्यांवर पुरळ आले. दोघींचे डोळे उघडेनात. या झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते, त्याचा हा प्रताप. पुण्यात १९६० नंतरच्या दशकात डॉक्टरांकडे अशा त्वचारोग्यांची रीघ लागली होती. आम्ही ठेकेदाराकडे गेलो. तो म्हणाला, गवत उपटायला कसली आली सुरक्षा? एक बाई मागून बोलली, “भाऊ, खाजमुये रातभर झोप लागत नही.” तिच्या त्या एका वाक्यापुढे आमचे निवेदन फिके होते. अकरा दिवसांनी हातमोजे मिळाले, पूर्ण बाह्यांचे सदरे मिळाले, साबण मिळाला.

पण या यशाची दुसरी बाजू लपवणे आम्हांस शोभणार नाही. पुढच्या वर्षी त्या आवारात बाया बोलावल्याच नाहीत. दोन माणसे पाठीवर पंप घेऊन आली आणि सगळे जाळणारे औषध मारून गेली. मोजे मागणाऱ्या हातांचे काम गेले. आवार मात्र आठ दिवसांत पिवळे, मग करडे, मग उघडे झाले. आणि त्याच्या पुढच्या मृगात? उघड्या मातीवर पहिल्यापेक्षा दाट गाजर गवत. बारीक हरळी होती तीही जळून गेली होती. अडवायला कोणी उरलेच नव्हते.

तेव्हापासून आम्ही या तणावरचे उपाय एकेक करून तपासू लागलो. श्रोत्यांपुढे तो हिशेब मांडतो.

पहिला उपाय औषधाचा. ग्लायफोसेटसारखे औषध तणासोबत गवतही मारते. ते कुरणात घालणे म्हणजे ढेकणासाठी घर जाळणे. २,४-डी नावाचे दुसरे औषध १९४० नंतरच्या दशकात निघाले. ते रुंद पानांची झाडे मारते आणि गवताला सोडते. वाटते, कुरणाला हेच नामी! पण खानदेशात त्याला मोठी अडचण आहे, आणि तिचे नाव कापूस. कपाशीइतके या औषधाला भिणारे दुसरे पीक क्वचितच असेल. वाऱ्याने उडालेला नुसता तुषार लागला तरी तिची पाने चिंबून लांबुळकी होतात. गायरानाच्या कडेला कपाशी नाही, असे गाव आमच्याकडे शोधून काढावे लागेल. शिवाय फवारल्यावर गुरे लांब ठेवावी लागतात. कारण औषधाने मरगळलेले विषारी तण गुरांना एरवीपेक्षा रुचू लागते, असा अनुभव आहे. कुरणातली शेंगवर्गी चाराझाडेही त्याने मरतात. म्हणून पिकांपासून दूर, वारा पडलेला असताना, जाणत्याच्या देखरेखीखाली, ठिपक्याठिपक्याने वापरले तर त्याला जागा आहे. गायरानावर सरसकट नाही.

दुसरा उपाय तरोट्याचा. चैत्र-वैशाखात तरोट्याचे बी फेकावे, म्हणजे पावसाबरोबर तो दाट उगवतो आणि गाजर गवताला वर येऊ देत नाही. रस्त्याच्या कडेला, उकिरड्याजवळ, शाळेच्या मागे हा उपाय उत्तम आणि फुकटचा. पण कुरणात? गाय तरोटाही खात नाही! एका तणाच्या जागी दुसरे बसवून गाईला काय मिळाले? सावकार बदलला, कर्ज तेच.

तिसरा उपाय भुंग्याचा. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने १९८३ साली मेक्सिकोतून एक भुंगा आणला. पिवळट पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला. त्याचे नाव झायगोग्रामा. कसोट्या घेऊन १९८४ साली तो मोकळा सोडला. तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पाने खाऊन झाड बोडके करतात. १९९१ च्या सुमारास कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला आणि एकच गहजब झाला. चौकशी समिती नेमली गेली, आणि हा भुंगा सूर्यफुलाची कीड ठरत नाही असा निर्वाळा मिळाला. आज तो देशात दूरवर पसरला आहे. पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. कोरड्या दिवसांत तो मातीत निपचित पडून राहतो आणि पाऊस झाल्यावर बाहेर येतो. त्याची संख्या वाढेपर्यंत पहिल्या पावसाचे तण पुढे निघून गेलेले असते. कमी पावसाच्या शिंदखेडा तालुक्यात तर हे अधिकच घडते. भुंगा तणाचा जोर मोडतो, तण संपवीत नाही. तो आपला चांगला सहकारी आहे; त्याला एकट्याला कामावर सोडून आपण घरी बसलो तर काम होणार नाही.

चौथा उपाय हातांचा. फूल येण्यापूर्वी, पाऊस पडून माती ओली असताना, मुळासकट उपटणे. हातात मोजे घालून. फुलापूर्वी उपटलेले झाड खताच्या खड्ड्यात घालता येते. फुलावर आलेले हलवले की बी आपणच पेरतो. आपल्याकडे मोहीम निघते ती बहुधा पांढरे फूल दिसू लागल्यावर, आणि छायाचित्र निघाले की संपते. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळते, तो चांगलाच आहे. पण जूनमध्ये उगवलेले झाड ऑगस्टच्या सप्ताहाची वाट पाहत नाही. आणि बी मातीत काही वर्षे टिकते, म्हणून एका वर्षाची उपटणी म्हणजे नुसता आरंभ होय.

या चारी उपायांचा ताळा एकच निघतो. प्रत्येक उपाय जागा मोकळी करतो. मोकळ्या जागी गवत बसवणे हे एकाही उपायाचे काम नाही. ते गावाचे काम आहे. गवत बसले नाही तर चारी उपाय दरवर्षी नव्याने करावे लागतात, आणि दरवर्षी कोणाचे तरी हात खाजत राहतात.

मग गवत बसते काय? आपल्याच जिल्ह्यात त्याचे उत्तर आहे. धुळे तालुक्यातल्या लामकानी गावी एकविसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. धनंजय नेवाडकर आणि गावकरी यांनी मिळून उजाड माळावर चर खणले, कुऱ्हाडबंदी केली, मोकाट चराई थांबवली. बाहेरून जादूचे बियाणे आणले नाही. पाणी मुरले, खुरांना काही काळ अटकाव झाला, आणि जमिनीत तग धरून राहिलेले गवत वर आले. त्या डोंगरउतारांवर पुन्हा चारा कापला जाऊ लागला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने आपले जंगल असेच नियम करून राखले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे आपण वाचले असेलच.

इथे श्रोत्यांतून एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. चराईबंदी केली तर मरतो कोण? ज्याला स्वतःचा बांध नाही तो. पाटलाची गुरे गोठ्यात बसून कडबा खातील. भूमिहीनाच्या शेळीने काय खावे? हा आक्षेप आम्ही पूर्ण मानतो. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात आणि खानदेशात भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला. पडीक आणि गायरान जमिनी कसायला द्या, ही त्यांची मागणी होती आणि ती न्याय्य होती. गायरान बुडाले ते या गरिबाच्या दोन एकरांनी, असे जो म्हणतो त्याने गावाच्या नकाशावर बोट ठेवून, कोणाचे कुंपण कुठवर सरकले आहे, ते एकदा पाहावे. २०११ साली जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, तेव्हाही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमाती यांना दिलेल्या जमिनींचा अपवाद न्यायालयाच्या ध्यानात होता.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. गायरानाचे तीन भाग पाडावेत. दरवर्षी एक भाग मृगापासून दिवाळीपर्यंत बंद ठेवावा; बाकीचे दोन चराईला खुले. पुढच्या वर्षी दुसरा भाग बंद. म्हणजे कोणाची गाय उपाशी राहणार नाही आणि तीन वर्षांत सगळ्या रानाला एकदा विसावा मिळेल. बंद भागातले गवत बी पडल्यावर विळ्याने कापावे आणि त्यातला पहिला वाटा भूमिहीनांच्या गुरांना द्यावा, दुसरा ठेलाऱ्यांना, मग इतरांना. जूनच्या अखेरीपासून, फूल येण्याआधी, उपटणीचे काम रोजगार हमीवर काढावे. मजुरी पूर्ण, मोजे आधी, मग काम. भुंगा जिथे दिसेल तिथे त्याला राहू द्यावे, त्या तुकड्यावर औषध मारू नये. उघड्या पडलेल्या ठिगळांवर मारवेलचे थोंब आणून लावावेत. एक थोंब फोडला की दहा होतात. यात कोणतीही गोष्ट महाग नाही. महाग आहे ती एकच: तीन वर्षे एका ठरावाला चिकटून राहणे. कामगारांच्या लढ्यातही आम्हांस हेच सर्वांत महाग पडत आले आहे.

पुण्यात या तणाची पहिली नोंद झाली त्याला आता सत्तर वर्षे झाली. या सत्तर वर्षांत आपण त्याला नावे ठेवली, पक्षांची नावे दिली, गव्हाला दोष दिला, किड्याची वाट पाहिली, पंप मारले. गायरानाच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे आणि त्याची राखण कोण करतो, हे मात्र फारच थोड्या ग्रामसभांत विचारले गेले. येत्या मे महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी, आपल्यापैकी ज्यांची गावे आहेत त्यांनी गावी जाऊन एवढे एक काम करावे: तलाठ्याकडून गायरानाचा नकाशा घ्यावा, आणि चार माणसे बरोबर घेऊन त्या हद्दीवरून पायी फिरून यावे. बरोबर गुराखी असू द्यावा. कुठे मारवेलचा एखादा थोंब अजून तग धरून आहे, ते तोच दाखवील.